डोलमाय पाण्यात

कर्सियांग, ७ मार्च १९३७

गणपतदादाले श्रावणचा नमस्कार. मायच्या पायावर डोकं. रुखमावहिनीलेही नमस्कार.

हे पत्र फाडू नको, आधी वाच. मागचं तू न उघडता चुलीत टाकलं, हे मले नत्थूजीनं सांगितलं. नत्थूजी मिस्तरी आपल्याच आळीतला, आता इथं चहाच्या बागानात माझ्यासंगं आहे, त्याच्या बायकोच्या पत्रात तुमच्या घरातलं पातेलं पडलं तरी मले ऐकू येते. तुझा राग मले समजते. पाव्हणे दारात आले अन् नवरदेव खरगपूरच्या गाडीत. पण दादा, त्या पोरीचं लग्न मंग नरखेडले झालं, घरचा संत्र्याचा बगिचा आहे, ती मजेत आहे. तूच एकटा अजून त्या मांडवात बसून राहिला. ऊठ आता.

मी इथं पत्ती वळायच्या मशीनवर आहे. पट्टा चढवणं, तेलपाणी पाहणं. नागपूरच्या मिलमध्ये तू कान पिळून जे शिकवलं तेच. खरगपूर झालं, टाटानगर झालं, आसनसोल झालं, कुठंच बूड टेकलं नाही. इथं टेकलं. काहून ते पुढं कधी लिहीन.

नत्थूजी होळीले घरी येऊन राहिला. त्याच्या हाती मायसाठी एक मूर्ती देतो. इथल्या बाजारात एक भुतिया बुढी बसते. मायले सांग भुतिया म्हणजे भुताखेताची नाही, तिबेटाकडच्या लोकायले इथं तसं म्हणतात. नाहीतर माय मूर्ती उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. तर त्या बुढीकडून घेतली. देवीचं नाव डोल्मा. आपल्या बोलीत तारा, म्हणजे तारून नेणारी. बुद्धाच्या धर्मातली आहे. बुढीनं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. एक लय दयावंत देव होता, तो दुनियेचं दुःख पाहून रडला, त्या आसवातून ही झाली. तिचा एक पाय खाली सोडलेला आहे पाह्य. कोणी हाक मारली की उठायले वेळ जाऊ नये म्हणून ती कधी पुरी मांडी घालतच नाही. अन् त्याच्याही आधीच्या जन्मी ती राजाची पोरगी होती म्हणे. साधू तिले म्हणाले, तुझं पुण्य इतकं मोठं आहे, पुढच्या खेपेले पुरुष हो. तर म्हणाली, पुरुष बक्कळ झाले, मी बाईच होत राहीन. हे वहिनीले जरूर सांगजो.

बुढीच्या पोरीचं नावही डोल्माच. इथं घरोघरी एक डोल्मा आहे, आपल्याकडं जशी गंगू. ती बाजारात मायजवळ बसून मणी ओवते अन् माझ्या हिंदीले हसते.

मूर्ती देवघरात ठेवा. तिले काही करावं लागत नाही. हाक मारली की झालं.

तुझा
श्रावण

कर्सियांग, १९ मे १९३७

दादा,

तुझं कार्ड आलं. तू कार्ड लिहिलं म्हणून आधी आनंद झाला, मंग वाचलं.

मायनं देवी पाण्यात ठेवली?

मी मूर्ती पाठवली ती मायले आधार म्हणून, अन् मायनं तिलेच पितळी गंजात बुडवून वर झाकण ठेवलं! पोरगा दारात उभा राहीपर्यंत बाहेर काढणार नाही म्हणते! अन् वर स्वतः एक वेळ जेवते, तेही अळणी! अरे, देवाले कोंडून काम करून घ्यायचं असंन तर घरचे देव ठेवा ना. गणपती ठेवा, मारुती ठेवा, त्यायले आपल्या घरची सवय आहे. मी चौथी पास व्हावा म्हणून मायनं तो बाळकृष्ण किती महिने भिजवला होता, आठवते? मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण तो बिचारा काळा पडला. ही तर पाहुणी आहे. इतक्या दुरून आली अन् पोहोचल्याबरोबर पाण्यात.

अन् मायले हे तरी समजाव की जी आसवातूनच झाली तिले पाण्याचा काय धाक? मासोळीले बुडवायची धमकी दिल्यासारखं झालं हे.

दुसरं. डोलमाय कोण? मी डोल्मा लिहिलं. तू घाईघाईनं वाचलं असशीन अन् मायनं डोलमाय ऐकलं असंन. आता नत्थूजीच्या बायकोच्या पत्रात आहे की आळीतल्या बाया रात्री न झोपणारी लेकरं घेऊन येतात, अन् माय त्यायले गंजासमोर बसवून गंज थोडा हलवते, की डोलमाय डोलली, आता लेकरू झोपीन. अन् झोपतातही म्हणे. मी काय बोलू? लेकरू कधीतरी झोपतेच दादा.

मले इतक्यात येता येत नाही. पत्तीचा मोसम आहे, साहेब कोणाले हालू देत नाही. मले मधी खोकला झाला होता. डोल्मानं लोणी अन् मीठ घातलेला चहा करून पाजला, बरा झालो. डोल्मा म्हणते पहाडात राहायचं तर छाती गरम ठेवावी. मी डोल्माले मायच्या उपासाचं सांगितलं तर ती दिवसभर नुसते मणी ओवत बसली. संध्याकाळी म्हणाली, मायले लिही, पोटाले त्रास देऊन कोणाचा पोरगा घरी येत नाही. तेवढं मायले वाचून दाखव.

अन् मूर्ती बाहेर काढा.

श्रावण

कर्सियांग, २ जुलै १९३७

दादा,

हसू की कपाळ फोडून घेऊ ते सांग.

तू लिहितो: "श्रावणसोबत डोलमाय बोलते हे ऐकून मायले भरून आलं. खोकल्याचं औषध देवीनं स्वतः सांगितलं म्हणून आळीत बोलबाला झाला. मायनं तसा चहा करून नैवेद्य दाखवला." मी हे इंजिनाजवळ वाचत होतो, तिथंच मटकन बसलो. नत्थूजीनं विचारलं काय झालं गा, तर त्याले कार्ड वाचून दाखवलं. तो इतका हसला की साहेबानं खिडकीतून डोकं काढलं.

दादा, लोण्याचा खारा चहा! नागपुरात! जून महिन्यात! देवीनं हात पुढं केला म्हणजे मागून राहिली, असं माय म्हणते म्हणून गंजाचं झाकण काढून तिच्या त्या हातावर चहा ओतला? तो हात मागायचा नाही, द्यायचा आहे! अन् मंग तो प्रसाद म्हणून सगळ्या आळीनं पेला? वहिनीचं पोट बिघडलं ते बरोबरच झालं, कोणीतरी खरं बोलायले पाहिजे होतं.

अन् खाली प्रश्न. रंभाबाईची म्हैस काहून आटली ते डोलमायले विचार. पुष्पलताच्या सासऱ्याच्या डोळ्याचं काय ते विचार. मी काय भगत आहे? मले घुमता येते? डोल्माले मी म्हशीचं विचारलंही बरं, की तुझ्याकडं प्रश्न आला आहे. ती म्हणाली म्हशीले पोटभर चारा द्या. हे नको वाचून दाखवू, नाहीतर त्याचंही मंदिर होईन.

आता हे नीट वाच. मागच्या पत्रात मी फोड करून लिहिलं नाही, म्हटलं समजून घेशीन. ही डोल्मा म्हणजे गंजातली नाही. ही बाई आहे. त्या बाजारातल्या बुढीची पोरगी, जिच्याविषयी मी होळीच्या आधीच लिहिलं होतं. चैतात आमचं लग्न झालं. त्यांच्यात गळ्यात पांढरा शेला टाकतात अन् लामा मंत्र म्हणते. मी अंगाले हळदही लावली, नत्थूजीनं लावली, तो माझ्याकडचं सगळं वऱ्हाड होता. मी पळवून आणली नाही, लपून ठेवली नाही. तिची माय होती, शेजारपाजार होता, पोटभर जेवण झालं.

अन् तिले तिसरा महिना आहे.

मायले हे मोठ्यानं वाचून दाखव. नजर घसरून खालच्या ओळीवर जाऊ नये म्हणून पुन्हा लिहितो: डोल्मा पोटुशी आहे.

मी तिले सोडून एकटा येणार नाही. येईन तर दोघं येऊ. माय म्हणीन ये, तर येऊ. मायनं काय म्हटलं तेवढं कळव. मी वाट पाहून राहिलो.

श्रावण

कर्सियांग, २२ ऑगस्ट १९३७

दादा,

तुझं पाकीट आलं. आत दोन कागद, दोन्ही तुझ्याच हातचे, पण दोन माणसायचे.

पहिल्यावर मायचं सांगणं. "श्रावण, डोलमाय आता तुझ्याशी बोलत नाही का रे? तुझ्या या पत्रात तिचं काहीच नव्हतं म्हणते गणपत. माझं काही चुकलं असंन तर तिले विचारून कळव. मी रोज पाणी बदलते."

दुसऱ्यावर तू. "तुझं ते मी मायले वाचलं नाही, वाचणारही नाही. पंचायतीत मी बसतो. चपट्या नाकाची, कोणत्या जातीची, काय खाणारी बाई मी या घरात येऊ देणार नाही. यायचं तर एकटा ये. माय परवा विहिरीवर चक्कर येऊन पडली. तिचं काही झालं तर तुझ्यामुळं."

माझ्यामुळं?

माय कशासाठी अळणी खाऊन राहिली? मी येत नाही म्हणून. मी काहून येत नाही? तू येऊ देत नाही म्हणून. हे मायले माहीत आहे? नाही. काहून नाही? तू वाचत नाही म्हणून. मंग ती विहिरीवर कोणामुळं पडली, तू चष्मा लावून हिशेब कर.

लोण्याचा चहा वाचला तू. म्हशीचं वाचू नको म्हटलं, तेही ऐकलं. अन् नातू गिळला!

पहिल्या खेपेले तुझा गैरसमज झाला, मी मानतो. डोल्मा दोन झाल्या, मीही सैल लिहिलं. पण आता तुले पुरतं माहीत आहे की तू काय करून राहिला. माय समोर बसते, हात जोडून, अन् तू कागद धरून पुरं वाचल्यासारखं करते. तिले वाटते देवी रुसली. रुसली नाही दादा, तिच्या तोंडावर तू हात ठेवला आहे.

नाकाचं म्हणशीन तर तुझं एवढं उंच आहे म्हणूनच पंचायतीत कापल्या जाईन असा घोर आहे तुले. डोल्माले तो घोर नाही. काय खाते विचारलं. भात खाते, तिखट खाते, मी केलेली ज्वारीची भाकर खाते, जी माझ्या हातची म्हणजे तू कुत्र्याले टाकणार नाही अशी. अन् देवीले हात जोडते. ज्या देवीले तुझ्या घरी गंजात ठेवलं आहे तिलेच. तुझ्या देवघरात चालते अन् तिच्या नावाची बाई दारात चालत नाही, हे कोणत्या पोथीत आहे ते पंचांले विचारून कळव.

मी मायले दुसरं पत्र लिहून काय करू? ते तुझ्याच हातात पडीन. म्हणून पत्र लिहीत नाही. नत्थूजी पोळ्याले घरी येऊन राहिला. त्याले वाचता येत नाही, त्यामुळं काही गाळताही येत नाही. तो तोंडानं सांगीन.

त्याले दारातून हाकलशीन तर पाडव्याले मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत भर आळीत ओरडून सांगीन असं तो म्हणते. मी त्याले नाही म्हटलं नाही.

श्रावण

कर्सियांग, २० सप्टेंबर १९३७

दादा,

नत्थूजी काल आला. तू त्या दिवशी मारबत पाहायले गेला होता म्हणून घरात काय झालं ते तुले अर्धंच माहीत असंन. वहिनी सांगणार नाही अन् माय तुझ्याशी बोलत नाही. म्हणून मी लिहितो. हे तरी वाच, यात तुझं काही जात नाही.

आळी रिकामी होती. पिवळी मारबत जाऊन राहिली म्हणून सगळे रस्त्यावर. माय अन् वहिनी घरी. नत्थूजी ओट्यावर बसला.

"काकू, पाणी द्या. तुमच्या गंजातलं नको."

"मेल्या, देवीची मस्करी करते?"

"नाही जी. किती दिवस ठेवता तिले अजून?"

"श्रावण येईपर्यंत. त्याले काहून नाही आणलं तू?"

"त्याची बायको पोटुशी आहे काकू. तिले टाकून कसा येईन तो?"

मायनं पाण्याचा तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. मंग म्हणाली, "कोणाची बायको?"

"श्रावणची. चैतात लग्न झालं. मीच हळद लावली. डोल्मा नाव आहे तुमच्या सुनेचं."

"डोलमाय?"

"डोल्मा. तीच चहा पाजणारी. तीच म्हणाली होती पोटाले त्रास देऊ नका. देवी नाही बोलत काकू त्याच्याशी, बायको बोलते. रोज बोलते. लय बोलते."

वहिनीनं तोंडाले पदर लावला. हसू आलं म्हणून की घाबरली म्हणून, हे नत्थूजीले सांगता आलं नाही. माय उठली. नत्थूजीले वाटलं आता पायताण घेते. तिनं विचारलं, "कितवा?"

"पाचवा असंन."

दादा, मायनं झाकण काढलं, बाही वर केली, गंजात हात घातला अन् मूर्ती काढली. पदरानं पुसली. तो सोडलेला पाय, तो पुढं केलेला हात, बोटाबोटातून पुसला. पुसता पुसता वहिनीवर ओरडली, "पोटुशी बाईले कोणी पाण्यात ठेवते? मले सांगितलं काहून नाही कोणी? तिच्या नावाची मूर्ती मी भिजवून राहिली अन् ती तिकडं थंडीत! हिले काही झालं असतं तर?" वहिनी म्हणाली, "आत्याबाई, ही पितळेची आहे अन् ती दुसरी आहे." माय म्हणाली, "तू मले शिकवू नको. नाव एक आहे."

मंग चुलीकडं पाहून म्हणाली, "रुखमा, भात टाक. वरणात मीठ टाकजो."

पोरगा दारात आला नव्हता. तरी तिनं नवस मोडला अन् जेवली. नत्थूजीसमोर बसून दोनदा भात घेतला म्हणते. माझ्या लहानपणापासून मी तिले कोणतं व्रत मोडताना पाहिलं नाही, तू पाहिलं?

आता माझा दुसरा वैताग सुरू झाला. मायनं नत्थूजीच्या तोंडी निरोप पाठवले ते तो पहाड चढता चढता पाठ करत आला. उंबऱ्यावर बसू नये. ग्रहण पाहू नये. तो लोण्याचा चहा एकदम बंद, उष्ण असते. पपई दिसली तर तोंड फिरवावं. डोल्मा म्हणते पपई इथं होतच नाही, अन् चहा सोडला तर मी मरीन. मी म्हटलं तुम्ही दोघी पाहून घ्या. सकाळी ती चहा प्याली अन् दुपारी मायच्या मूर्तीसारखी दुसरी एक मूर्ती होती तिच्यासमोर जाऊन माफी मागून आली. माझ्या दोन्हीकडून बोलणी आहेत.

शेवटचा निरोप: सातव्या महिन्यात डोहाळजेवण मायच्या हातचंच.

आम्ही येऊन राहिलो. डोल्मानं विचारलं नागपूर गरम आहे का? मी म्हटलं नाही.

तुझं काय ते तू ठरव. मायनं तुले काहीच म्हटलं नाही म्हणून तुले बरं वाटत असंन. मले वाटलं नसतं.

श्रावण

कन्हान, २४ नोव्हेंबर १९३७

दादा,

कन्हान ते नागपूर तू सायकलीवर येत होता, आठवते? आता तेवढ्यासाठी मी पत्र टाकून राहिलो. मामानं कागद दिला. रामाजीमामाच्या ओसरीतून लिहितो, आत डोल्मा अन् माय दोघी एकदम बोलून राहिल्या, एक हिंदीत, एक आपल्यात, अन् कोणाचंच अडत नाही. फक्त माझंच डोकं दुखते.

तू आतून कडी लावली. मंग मागच्या अंगणात जाऊन बसला असशीन, कारण वहिनी म्हणते तू काहीच ऐकलं नाही. तर ऐक.

माय स्टेशनवर आली होती, नत्थूजीच्या बायकोले घेऊन. गाडीतून डोल्मा उतरली तर तिले गर्दीनं काही सुचेना. मी तिले वाटभर एकच वाक्य शिकवलं होतं. ती मायसमोर वाकली अन् म्हणाली, "जेवली का वं माय?" फलाटावरचे लोकं वळून पाहायले लागले. सासूले असं कोणी म्हणते का! मी मान खाली घातली. माय म्हणाली, "जेवली वं बाई. तू जेवली का?" बस. तिथून टांग्यात तिनं डोल्माचा हात सोडला नाही.

मंग आपलं दार. तू आतून म्हणाला, "माय, तू ये. ते नाही." तेवढं तर तूच म्हणाला, ते तुले माहीत आहे. माय दारापासून मागं फिरली. ओट्यावर बसली, शेजारी डोल्माले बसवलं. आळीतल्या बाया जमल्या. ज्यायची लेकरं डोलमायनं झोपवली होती त्याच सगळ्या. रंभाबाई पुढं झाली, तिनं विचारलं, "हीच का?" माय म्हणाली, "हीच." मंग डोल्माकडं वळून म्हणाली, "इतके महिने मी तुलेच पाण्यात ठेवलं वं." डोल्माले समजलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगायच्या ऐवजी टांग्यातली ट्रंक उतरवायले गेलो दादा.

रंभाबाईनं तिची ओटी भरली. तुझ्या बंद दारासमोर. हिरवा खण, तांदूळ, नारळ. तुझ्या पंचायतीतल्या देवरावची बायकोही होती त्यात, हे तुले कामाचं आहे म्हणून लिहितो. आता पंच कोणाकोणाले वाळीत टाकतात ते पाहू.

मंग मायनं वहिनीले खिडकीतून हाक मारली, तिचं गाठोडं मागितलं. वहिनीनं दिलं. अन् आम्ही कन्हानले आलो.

वहिनीनं गाठोड्यात हिरव्या बांगड्या लपवून दिल्या होत्या, आता मीच सांगून बसलो. तिच्यावर ओरडू नको.

आता कामाचं. येत्या रविवारी डोहाळजेवण आहे. मामाच्या अंगणात. मायनं तुले काय सांगायचं ते मले सांगितलं, मी तिच्याच बोलीत लिहितो, एक अक्षरही गाळत नाही.

"गणपत. श्रावणची सगळी पत्रं मी गाठोड्यात घेऊन आली. मले अक्षर येत नाही, पण कोणत्या कागदावर तू खोकलला, कोणत्या कागदावर पाणी मागितलं, कोणता कागद वाचता वाचता लवकर संपला, हे मले पाठ आहे. ते कागद मी वेगळे काढून ठेवले. श्रावण म्हणते मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, नको, तुझ्या तोंडून नको. ज्यानं गिळलं त्याच्याच तोंडून मले ऐकायचं आहे. मांडवात, सगळ्या बायांसमोर, तुझ्या भावजयीसमोर. मोठ्यानं. मंग तू पाटावर बस, मी तुले वाढते. नाही आला तर तुझं ताट वाढून तसंच राहीन, अन् मी न जेवता ताटावर बसून राहीन."

मी मायले म्हटलं, पुन्हा उपास धरते का? ती म्हणाली, तू लिही.

दादा, मी तुझ्याशी खूप भांडलो, अजून भांडीन. पण माय पुन्हा अळणी खाऊ लागली तर या खेपेले तिले सोडवणारी कोणी देवी नाही, तूच आहे. वाचायचं काही फार नाही. जुलैच्या पत्रात एक ओळ आहे, मीच ती दोनदा लिहिली होती.

रविवारी ये. चष्मा आणजो.

श्रावण